रानगोडीची चिंधी

आता कोणत्या तोंडानं सांगू, माझं सगळं शहाणपण एका चिंधीत मावतं! चहा घ्या, ऐका.

आमच्या आरमोरीकडे मोहाच्या झाडाला चिंधी बांधली की ते झाड त्या घरचं. पहाटे खाली फुलांचा सडा पडू दे, दुसरा कोणी एक फूल उचलणार नाही. कागद नाही, शिक्का नाही!

माझी बायको सुमन मोहफुलांचे लाडू करते. त्यांना नाव मी दिलं, 'रानगोडी'. तिच्या बचत गटातल्या बाया म्हणाल्या, "भाऊ, नावाची नोंदणी करा, नाई तं कोणी घेऊन जाईन."

"काऊन? दारावर पाटी लावली ना!"

पाटी म्हणजे आपली चिंधीच की!

मग काय, मोहाखाली बाज टाकून मी पडायचो. फुलं टपटप पडायची, वासानं डोळे जड व्हायचे आणि रानगोडीचे डबे विमानात चढायचे. हवाई सुंदरी सगळ्यांना लाडू वाटायची. एक मलाही द्यायची! असे दोन मोसम गेले.

एक दिवस वडशाचा व्यापारी आला. "सगळा माल घेतो, पण नावाचा कागद दाखवा."

झोपच उडाली माझी! धावत ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्याच्या दुकानात गेलो. त्यानं नाव टाकलं नि मान हलवली.

"भाऊ, हे नाव तं गेलं. एका बाईनं घेतलं."

"चोरट्टी! चिंधी बांधलेलं झाड लुटलं माझं!"

एवढा ओरडलो की अर्धा बाजार जमला. कोणी पाणी दिलं, कोणी म्हणालं पोलिसात जा. मी त्या बाईच्या सात पिढ्या उद्धरल्या.

"नाव वाच तिचं! मोठ्यानं वाच!"

त्यानं वाचलं. सुमन. पुढे माझंच नाव, माझंच आडनाव, माझंच गाव! लोक किती हसले म्हणून सांगू?

घरी आलो तर बाई निवांत लाडू वळत होती.

"मले सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं ना! तुमी झाडाखाली 'हो हो' करून राह्यले होते. मले वाटलं, जागे आहा."

खरं सांगतो, लाज वाटली, पण जीव भांड्यात पडला. नाव घरातच होतं. मग जरा लाडात येऊन विचारलं, "अन् माझी नोंदणी कवा करतं?"

तिनं जुन्या लुगड्याची चिंधी फाडली आणि माझ्या मनगटाला बांधली.

"तुमाले एवढी पुरते. तुमाले कोण घेऊन जाते?"