लघवीतून आधी कळलं

आमच्या ह्यांच्या लघवीच्या पिशवीतली गाठ काढली, तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं की ही परत येते. म्हणून दर तीन महिन्यांनी पावस गावाहून रत्नागिरीला जायचं आणि लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून घ्यायची. ह्यांचा जन्म बोटीवर गेला. वादळाला कधी भ्याले नाहीत, पण दुर्बिणीची तारीख जवळ आली की घास उतरायचा नाही.

मग डॉक्टरांनी एक नवी तपासणी सांगितली. बाटलीत लघवी द्यायची, ती मुंबईला जाते, आणि तिच्यातून गळून आलेल्या पेशींची जनुकं तिथे तपासतात. मी चौथी शिकलेली. मला एवढंच कळलं की गाठ डोळ्यांना दिसण्याआधी तिचा माग लघवीत लागू शकतो. चांगली आली तर या खेपेची दुर्बीण पुढे ढकलू, असंही ते म्हणाले.

त्या सकाळी हे बाटली घेऊन स्वयंपाकघरात आले.

"ऐक गो. ही तू भर."

"काय?"

"तुझी दे. मुंबईत कोणाला कळतंय कोणाची ती."

"डोकं फिरलंय का तुमचं? गाठ तुमची नि लघवी माझी?"

"एकदाच गो. आंबा उतरेपर्यंत तरी मला त्या टेबलावर झोपवू नको."

"मग भाट्याच्या पुलाखालचं खाडीचं पाणी भरून द्या. माझ्यापेक्षा स्वच्छ असेल."

हे हसले नाहीत. न्हाणीत गेले आणि भरून आले. एसटीत बाटली माझ्या मांडीवरच्या पिशवीत होती. हे वाटभर खिडकीबाहेर बघत बसले.

तपासणीत दोष निघाला. लगेच दुर्बीण घातली, तर आत काहीच दिसेना. मी खूश झाले. डॉक्टरांना म्हटलं, "म्हणजे ती तपासणी खोटी."

"तसं नाही म्हणता येत, आजी. कधी कधी ती आधी सांगते. आता लक्ष ठेवायचं."

लक्ष ठेवायचं म्हणजे काय ते त्या मोसमात कळलं. न्हाणीतून हाक यायची, "लाल आहे का गो?"

"पिवळी आहे."

"नीट बघ."

कलमांवर आंबे उतरवणारे गडी आले, तरी हे घरापुढच्या खळ्यात उतरले नाहीत. एरवी अढीतला आंबा न आंबा हुंगून बघणारा माणूस. मी फोड कापून पुढे ठेवली, ती माश्या बसून काळी झाली.

पावसाळ्यात पुढची दुर्बीण झाली आणि गाठ दिसली. पिशवीच्या भिंतीत खोल गेलेली. आता पिशवीच काढायची आणि पोटावर बाहेरून दुसरी लावायची, असं डॉक्टर म्हणाले. हे नको म्हणाले. मी भांडले, रडले, दोन दिवस बोलले नाही. ह्यांचं नको ते नकोच.

पुढचा मोहर आला तेव्हा हे अंथरुणावरून उठत नव्हते. मी अंग पुसत होते, तेव्हा म्हणाले, "तेव्हा बाटली तू भरून दिली असतीस, तर तो एक मोसम तरी सुखाने गेला असता."

"अहो, गाठ वाढली असती."

"ती वाढलीच ना."

मी फडकं पिळलं. हे बोलले ते खरं होतं. त्यांच्या तोंडावर मी कधी खोटं बोलले नाही, त्या दिवशीही बोलले नाही. पाठ पुसायची राहिली होती, म्हणून त्यांना भिंतीकडे वळवलं. मग ते तसेच, तिकडे तोंड करून पडून राहिले.