दादांची काचेची खोली

जगात जे जे बिघडू शकतं ते आधी आपल्याच घरी बिघडणार, असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला: माझ्या बायकोचे थोरले भाऊ, आमचे दादा. जर्मनीत बाड हॉम्बुर्गला राहतात, पंपांच्या कंपनीत इंजिनिअर आहेत आणि सदैव घाबरलेले असतात. एकदा इस्त्री चालू राहिली असेल या धास्तीनं त्यांनी सहलीला निघालेली गाडी अर्ध्या वाटेतून मागे वळवली. इस्त्री बंद होती. मग ती बंद कोणी केली, ही काळजी त्यांना फ्रँकफर्टपर्यंत पुरली. आम्ही हसायचो. वहिनींच्या आजारपणानंतर मात्र हसणं थांबलं.

कर्करोगाचे मोठे उपचार झाले, वहिनी घरी आल्या. पण औषधांनी तळपायांची संवेदना गेली होती, आणि गार वस्तूला हात लागला की बोटांत सुया टोचायच्या. त्यांची एकच मागणी होती. "छताकडे बघून कंटाळले. हिवाळ्यात मला मागच्या खोलीत बसायचंय." ती खोली तिन्ही बाजूंनी काचेची, खिडक्या थेट जमिनीपर्यंत. बाहेर अक्रोडाचं झाड. भिंतच नाही तर हायट्सुंग, म्हणजे इथला नेहमीचा हीटर, लावणार कुठे? तेव्हा दादांनी ठरवलं, लादीखालून गरम पाण्याच्या नळ्या न्यायच्या.

आणि भीतीला जणू पगारी काम मिळालं. इतक्या काचा म्हटल्यावर ऊब पळणार. ती भरून काढायला जमीन तापवावी, तर जिला चटका कळत नाही तिचे पाय त्याच जमिनीवर. दादा उदबत्ती घेऊन प्रत्येक चौकटीशी बसले, धूर कुठे हलतो ते पाहत. देवघरातली उदबत्ती संपली तरी त्यांचं समाधान होईना. शेवटी खिडक्यांलगत नळ्या दाटीनं आणि वहिनींच्या खुर्चीखाली विरळ, असा आराखडा त्यांनी काढला, खोडला, पुन्हा काढला. नळ्या बसवणारा कारागीर तो पाहून "गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणाला. एवढ्या पटकन कसा काय हो म्हणाला, याचीच दादांना धास्ती.

गळती तपासायला नळ्यांत दाबानं पाणी भरून ठेवलं त्या दिवशी मी तिथे होतो. त्यावर सिमेंट ओतलं की पुन्हा काही दुरुस्त करता येणार नव्हतं. दुपार कलल्यावर मापकाचा काटा जरासा खाली आला. दादांचा चेहरा पांढरा पडला. "गळतंय," एवढंच म्हणून ते गुडघ्यांवर बसले आणि नळी न् नळी हातानं चाचपू लागले. मीही रांगायला लागलो.

"ऊन गेलं, पाणी गार झालं, म्हणून काटा उतरला असेल," रांगता रांगता तेच म्हणाले. "नियमच आहे तो."

"मग आपण शोधतोय काय, दादा?"

"या वेळी नियम चुकला तर?"

मला हसू आलं नाही. वहिनींच्या बाबतीतही डॉक्टर सुरुवातीला असंच म्हणाले होते, बहुतेक वेळा काही नसतं.

नळ्या कोरड्याच होत्या. सिमेंट झालं, लाद्या बसल्या, आणि पहिल्या कडक थंडीत वहिनी त्या खोलीत जाऊन बसल्या. काचेबाहेर सगळं गोठलेलं. दादा उभेच. दर थोड्या वेळानं वाकून त्यांच्या पावलांशेजारी तळहात टेकवायचे.

"जास्त तर नाही ना?"

"मला कुठे कळतंय? तुमच्या हाताला काय वाटतं?"

"ठीक वाटतंय."

"मग ठीक आहे. अहो, बसा आता."

ते खाली बसले, मग खुर्चीला टेकले, आणि बोलता बोलता तिथेच लादीवर आडवे होऊन झोपले. मी त्यांना झोपलेलं प्रथमच पाहत होतो. तोंड किंचित उघडं, हात वहिनींच्या पावलाला लागलेला. मी दिवा लावायला उठलो, तर वहिनींनी खुणेनं थांबवलं.

"पुढच्या महिन्यात माझी तपासणी आहे," त्या हळूच म्हणाल्या. "अजून सांगितलं नाहीये त्यांना. झोपू दे थोडा वेळ."