पाठीवरची माती

निजामाच्या काळात कळमनुरीला माझ्या कापडाच्या दुकानासमोरच तालीम होती. तिथले वस्ताद भाजीवालीलाही "काय पैलवान?" म्हणून हाक मारायचे, आणि मधूनमधून "बराबर?" जोडून उत्तराची वाट पाहायचे. वस्ताद होण्याआधी ते जत्रेतल्या कुस्त्या मारून पोट भरत.

त्यांची शेवटची कुस्ती मी जवळा बाजारला पाहिली. एका कोवळ्या पैलवानानं त्यांना चितपट केलं. हरलेला गडी पाठीची माती झटकून गर्दीतून निसटतो, ही आमच्याकडची रीत. हे मात्र उघड्या पाठीनं भर बाजारातून चालत आले आणि बैलगाडीत सगळी वाट पाठ न टेकता बसले. मला बघवेना. मी उपरणं पुढं केलं, तर म्हणाले, "पुसू नका शेट, कामाची हाय."

दुसऱ्या सकाळी तालमीतली पोरं माना खाली घालून उभी होती. हे त्यांच्याकडे पाठ करून उभे राहिले. वस्ताद म्हणून त्यांचा तो पहिला धडा.

"बगा, कोणता खांदा आधी टेकला? काहून टेकला?"

कुणी मान वर करेना.

"दिसून न्हाई राहिलं? थांबा, उजेडात येतो."