बाळंतिणीची खोली आणि कच्चं दूध

खोली एवढी होती की कूस बदलायची तर भिंतीची परवानगी लागे. खिडकीला गोणपाट, बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी अशी की दोन दिवसांत मी माणूस कमी आणि पापड जास्त झाले होते. सोयर म्हणून दहा दिवस उंबरा ओलांडायचा नाही. सुईण सोडून कुणी मला शिवायचंही नाही.

माझं हे पहिलं बाळंतपण, सोलापुरात माहेरी. पोटुशी असताना आत्यानं मला शेळीचं धारोष्ण दूध पाजलं. तापवलं की सत्त्व उडतं, हे तिचं शास्त्र. आठव्यात मला असा हुडहुडीचा ताप भरला की बाज चालत दारापर्यंत गेली, आणि मुलगा महिनाभर आधीच आला, मुठीएवढा. माझा चीक वाईट, तो पिळून टाका आणि बाळाला कापसाच्या बोळ्यानं तेच कच्चं दूध द्या, असं आत्यानं सुईणीला फर्मावलं. मी ओरडले. शेगडीत आणखी ओवा पडला.

चौथ्या दिवशी सकाळी बाळ तापलं. मान मागं टाकली, बोळाही चोखेना. तेवढ्यात, जिच्याकडून आत्यानं शेळी घेतली होती ती धनगरीण परसात धार काढायला आली होती, ती बोलताना ऐकू आली.

"आक्का, हिचं दूध नगा देऊ. कालपास्नं एकाच अंगाला गरागरा फिरतीया. असल्या शेळीचं आमी न्हाय पीत."

"शेळी परत न्यायचीय तुला, कळतं की मला!" आत्या म्हणाली.

मी बाळ पदरात गुंडाळलं आणि उठले. दारात आत्या, सोवळं नेसलेली, हातात दुधाची वाटी.

"मेले, घरभर विटाळ करशील! फीर मागं!"

"शिवीन हं, आत्या."

"शिव की, बघतेच!"

मी हात पुढं केला. साठीची बाई, पण उडी मारली ती थेट तुळशीपाशी. वाटी पालथी. वडील भिंतीला चिकटले. मला अडवायचं तर शिवावं लागलं असतं, म्हणून टांग्यापर्यंत लाटसाहेबासारखी वाट मोकळी मिळाली.

"कच्चं दूध बंद, आईचंच द्या," दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ताप मेंदूत गेलाय. वाचेल असं मी म्हणत नाही."

दोन दिवस मी बोटानं थेंब थेंब त्याच्या ओठांवर ठेवला. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतः तोंड लावलं. आठवड्यानं बाईंनी त्याच्या कानाशी टाळी वाजवली. तो दचकला नाही, पीतच राहिला. त्यांनी पुन्हा वाजवली, जोरात, आणि माझ्याकडे पाहिलं.

"राहू द्या बाई," मी म्हटलं. "पिऊ द्या त्याला."