माझे डोळे आत बसलेत

धाकट्या सुनेला दुकानात बसवताना सासरे म्हणाले होते, "माझा मोतीबिंदू निघेपर्यंत सांभाळ." मोतीबिंदू निघाला, पण डोळ्याचा मागचा पडदाच खराब झालेला. नजर परत आली नाही आणि धाकटी आत बसली ती बसलीच.

दुकान जुन्या साउंड सिस्टिमच्या दुरुस्तीचं. पुढे काउंटरवर सासरे, मागे प्लायवूडच्या पार्टिशनआड ती. पंखा लावायची सोय नव्हती. वाऱ्याने सोल्डर, म्हणजे जोडासाठी वितळवलेला धातू, लवकर गार होतं आणि टाका कच्चा राहतो. लग्नाआधी ती कारखान्यात हेच काम करायची. पण तिथला भोंगा वाजला की काम तिथंच टाकून निघता यायचं. इथे जिना चढला की घर, उतरला की दुकान. थोरला दीर वेगळा राहायचा, नवरा जहाजावर. वर्षातून एकदा पाहुण्यासारखा यायचा.

तिच्याकडे जास्त करून जुने सबवूफर, म्हणजे खोल ठोक्याचे मोठे स्पीकर, यायचे. त्या जड खोक्यात आवाज वाढवणारा बोर्ड कोंडलेलाच असतो, वर्षानुवर्षं स्वतःच्याच उष्णतेने भाजत राहतो. धाकटी जळका भाग खरवडून काढायची, नाहीतर त्या कोळशातूनच करंट पळतो. उखडलेल्या तांब्याच्या पट्टीवरून बारीक तार ओढायची आणि तापणारा रेझिस्टर नवा घालून जरा उचलून बसवायची, म्हणजे खाली हवा खेळते. सासरे गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे, "माझे डोळे आत बसलेत." ते ऐकलं की ती उगाच जास्त जोरात खरवडायची.

एक दिवस कारखान्यातल्या जुन्या सुपरवायझरबाईंचा फोन आला. दुसऱ्या शहरात कानाची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत जागा होती. "सोमवारपर्यंत कळव, तुझ्यासाठी धरून ठेवते."

तिने नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "बाबांना कुणाच्या भरवशावर टाकणार? पुढच्या खेपेला आलो की बघू." मागच्या खेपेलाही त्याने हेच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी नाचाच्या क्लासच्या बाई सबवूफर घेऊन आल्या. "मुलींना ठोका पायांतून कळायला हवा. नव्या डब्यांत ती गंमत नाही," त्या म्हणाल्या.

धाकटीने बोर्ड काढून बघितला. मध्यभागी काळा पडला होता, पण यापेक्षा वाईट बोर्ड तिने जिवंत केले होते. ती बाहेर येऊन म्हणाली, "हा होणार नाही."

सासऱ्यांनी बोर्ड हातात घेतला, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ठेवून जा बाई. बघतो काय करता येतं ते."

दुपारी जेवून ती खाली आली, तर आतून जळकट वास. सासरे तिच्या स्टुलावर बसले होते. बोर्डाची चांगली पट्टीही उखडली होती आणि त्यांचं बोट भाजलं होतं. तिने त्यांना उठवून बोट नळाखाली धरलं.

"बाबा, तो होण्यासारखा होता."

"कळलं मला."

"मग बाईंसमोर बोलला का नाहीत?"

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू नाही म्हणालीस. म्हटलं, म्हणू दे."

"आणि हे कशाला करत बसलात?"

"तू नसलीस तर जमतं का, ते बघत होतो." त्यांनी बोट नळाखालून काढलं. "फोन ऐकला मी. पार्टिशन पातळ आहे. तू जा, सूनबाई. दुकान बंद करतो. वर बसून राहीन."

त्यांनी अडवलं असतं तर ती भांडली असती. भांडायची तयारी तिने मनात किती दिवस केली होती. आता कुणाशी भांडायचं, तेच कळेना. तिने बोटाला मलम लावलं, त्यांना काउंटरवर नेऊन बसवलं आणि आत येऊन बोर्ड पुढ्यात ओढला. सासऱ्यांनी वाढवलेल्या कामासकट तो संध्याकाळपर्यंत तयार झाला. चाचणीला लावला तेव्हा टेबलावरचे स्क्रू थरथरले आणि बाहेर सासरे हसलेले तिने ऐकले.

सोमवारी तिने फोन केला नाही. सुपरवायझरबाईंचाच आला, तेव्हा ती म्हणाली, "सध्या जमत नाही." ते 'सध्या' तिचं तिलाच पटलं नाही.

पुढच्या आठवड्यात नवऱ्याने फोनवर विचारलं, "बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत."

"आणि दुकान?"

"चालू आहे."

"मग छान," तो म्हणाला आणि तिकडच्या हवेबद्दल बोलू लागला. ती ऐकत राहिली. हातातल्या बोर्डावरचा टाका गार होत होता.