ओटीत पडलेली जीप

उज्जैनला निघताना लोक पर्समध्ये बेलाची पानं ठेवतात. मी फ्रिजच्या दारावरचा गणपती काढून ठेवला. त्याच्या पाठीला लोहचुंबक आहे. जुन्या गाडीचा पत्रा खरा असेल तर चुंबक चिकटतो आणि गंज झाकायला पुट्टी भरली असेल तर घसरतो, एवढं एकच वाहनशास्त्र मला मोबाइलवर कळलं होतं.

आमच्या ह्यांना लग्न झाल्यापासून जुनी जीप हवी होती. निवृत्तीनंतर उज्जैनच्या कुणा मुळेकाकांची जीप विकायची आहे असं ओळखीतून कळलं आणि हे झोपेनासे झाले. पण ह्यांना भाव करता येत नाही. भाजीवाल्यानं वीस म्हटलं की हे सुट्टे शोधायला लागतात. मी मात्र कोथिंबिरीची जुडी कितीला आणली ते अख्ख्या सोसायटीला ऐकवणारी बाई! तेव्हा घरीच करार झाला: साडेतीन लाखांच्या वर एक रुपया नाही, आणि जीपसमोर ह्यांनी तोंड उघडायचं नाही.

सकाळी उज्जैनच्या नानाखेडा स्टँडवर बसमधून उतरलो. गाडीवर पोहे घेतले, वर भरपूर शेव आणि जीरावन (आंबट-तिखट मसाला), सोबत गरम जिलबी. नाशिकच्या माणसाला हे जरा विचित्रच, पण दुसरी प्लेट मीच मागितली. ह्यांनी पोहेवाल्याला येण्याचं कारण सांगून टाकलं.

"पुरानी जीप? भिया, तीन से ऊपर मत जाना," पोहेवाला म्हणाला.

"अरे, पाँच में भी सस्ती है!" शेजारी जिलबी खाणारा म्हणाला. मग आणखी चौघांनी आकडे सांगितले. जीप त्यांच्यापैकी कुणीही पाहिलेली नव्हती.

मुळेकाका ऐंशीच्या घरातले. पूर्वज दरबारी चाकरीला आले ते इथलेच होऊन गेले. बोलतात मराठीच, पण ती माळव्याची. "पहिले बसा तर खरं! गाडी काय भागून चालली का?"

अंगणात उज्जैनजवळच्या भेरूगढच्या ठसेकामाच्या चादरीखाली ती उभी होती. काकांनी चादर ओढली. हिरवी, बुटकी, ऐटबाज.

"अहाहा!" आमचे हे.

"चार लाख," काका लगेच म्हणाले.

मी ह्यांना असा चिमटा काढला की त्याचा वळ परतीपर्यंत टिकला. एका 'अहाहा'चे किती झाले, ते देवच जाणे.

काकांचे गुडघे आता क्लच दाबू देत नव्हते, म्हणून विकणं आलं. एक हॉटेलवाला चार लाख द्यायला तयार होता, पण त्याला ती दारात उभी करून बॉनेटमध्ये कुंड्या ठेवायच्या होत्या. "उभीच ठेवायची तर माझं अंगण काय वाईट होतं?" काका म्हणाले.

जेवायला दाल-बाफले होते (बाफले म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे, तुपात बुडवलेले). काकू आग्रह करकरून वाढत होत्या. तीन बाफल्यांनंतर माणूस भाव करायच्या लायकीचा राहत नाही. तरी मी उठले आणि गणपती बाहेर काढला. बॉनेटला चिकटला. उजव्या मडगार्डला चिकटला. डाव्या मडगार्डवरून मात्र बाप्पा सरळ घसरून अंगणात पडले. कौल मिळाला!

पुट्टीचा मुद्दा शेवटासाठी राखून ठेवला आणि म्हटलं, "काका, अडीच."

"मग राहूनच द्या."

आता मी माझं हुकमी हत्यार काढलं. "बरं तर, निघतो आम्ही," म्हणून पर्स उचलली. नाशिकच्या बाजारात या वाक्यावर दोन पावलांत हाक येते. इथे कुणी हाक मारेना. उलट काकू लगबगीनं आत गेल्या आणि तबक घेऊन आल्या. नारळ, तांदूळ, हळदकुंकू आणि भेरूगढच्या छापाचा खण.

"निघाली म्हणतेस ना? ये, पदर पसर."

माझं माहेर आई गेल्यावर मिटलं. घर विकलं, भाऊ परदेशात. इतक्या वर्षांत माझी अशी ओटी कुणी भरली नव्हती. मी पदर पसरला. तांदूळ ओटीत पडत होते आणि मला रडू आवरेना. ह्यांना वाटलं, मी भावापायी रडतेय.

"अगं, सौदा तर होऊन द्यायचा!" काका कपाळाला हात लावून म्हणाले. "आता मुलीशी भाव करू का मी?"

"सवाष्ण घरातून खाली हाती जाऊन द्यायची?" काकूंनी त्यांनाच झापलं.

झालं! जिनं ओटी भरली तिच्या दारात घासाघीस कुठल्या तोंडानं करायची?

"तीन देऊन दे," काका म्हणाले.

"छे! साडेतीन," मी म्हटलं.

"ऐक, पहिला गिअर अडकतो. डावा मडगार्ड पुट्टीचा आहे."

"असू दे की! आवाज काय खणखणीत आहे!"

"थंडीत स्टार्ट होत नाही. अडीच!"

"काका, पत्रा बघा, असा आता मिळतो का? साडेतीनच!"

"अजून बोललीस तर दोन करून टाकीन!"

दोघेही हट्टाला पेटलो. तेवढ्यात सकाळपासून चिमट्याच्या धाकानं गप्प बसलेले आमचे हे उभे राहिले. "सव्वातीन. सव्वा शुभ असतं. आणि काका, ही गाडी उभी राहणार नाही, शब्द देतो."

काकांनी किल्ली ह्यांच्या हातावर ठेवली आणि बॉनेटवरून एकदा हात फिरवला.

परतीच्या वाटेवर बिजासन घाटात पहिला गिअर अडकला. काकांनी सांगितल्यासारखाच. हे गाडीखाली, मी दगड घेऊन चाकामागे, आणि मागच्या सीटवरचा ओटीचा नारळ गडगडून खाली पडलेला. ट्रकवाले थांबून भाव विचारत होते.

नाशिकला पोचतो न पोचतो तोच काकूंचा फोन. "पोचलीस का गं?" आई गेल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं.

फोन ठेवला तर सोसायटी जीपभोवती जमलेली. शेजारच्या वहिनींनी विचारलंच, "कितीला पाडलीत हो?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी खण सारखा केला, नारळ काखेत घेतला.

"विकतची नाहीये, वहिनी. माहेरची आहे."