भाचीच्या खिरीत जीएम शोधताना

परवाच्या रविवारी रायपूरला आमच्या घरी भाचीचं उष्टावण होतं. आमच्यात बाळाला पहिला घास मामा भरवतो… आणि मामा मी एकटाच.

तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. इथल्या पंडरी बाजारात कापडाच्या दुकानात काम करतो, शिक्षण बारावीत अर्धवट सुटलं, पण हातात पाकीट आलं की आधी वाचतो, मग उघडतो. आणि वाचून झालं की घाबरतो.

त्यात मोबाईलवर जीएमचं वाचत होतो. जीएम म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदलून तयार केलेलं पीक. कुणी म्हणतं काही धोका नाही, कुणी म्हणतं पाकिटावर निदान लिहा तरी, आम्हाला ठरवू द्या. तांदळाचंही काही नवं वाण आलंय म्हणे… ते जीएममध्ये धरायचं की नाही, यावर वेगळंच भांडण.

भाचीच्या पोटात जाणारं पहिलं अन्न म्हणजे तांदळाची खीर. मग मला कुठला धीर निघतो… शनिवारीच दुकानात गेलो आणि 'नॉन-जीएमओ' छापलेला तांदूळ घेतला. शेजारीच तसंच छापलेली मधाची बाटली होती, तीही घेतली. ताईला बाळाला साखर द्यायची नव्हती.

पैसे देताना दुकानदाराला विचारलं, जीएमवाला चावल कौन सा है? तो हसला. "भैया, बाजार में जीएम चावल आता ही कहाँ है?"

"फिर इस पर लिखा क्यों है?"

"लिखने से बिकता है. आप ले जा रहे हो न?"

घरी येईपर्यंत मी याच विचारात. ज्यात ते नसतंच, त्यावर 'नाही' लिहिलंय. मग ज्यात असू शकतं, त्यावर काय लिहिलंय?

रविवारी सकाळी दूधवाला आला. खिरीला दूध त्याचंच. मी सहज विचारलं, गाईला काय खायला घालता? तो म्हणाला, "पैरा, कोढ़ा, और कपास की खली."

पैरा म्हणजे भाताचा पेंढा, कोढ़ा म्हणजे कोंडा. आणि कपास की खली, म्हणजे सरकीची ढेप. आणि आपल्याकडे शेतात सगळीकडे जीएम म्हणून काय पिकतं, तर कापूस! त्याचीच सरकी, तिची ढेप, ती गाईला, गाईचं दूध खिरीत… मी भांडं हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

जीजाजी शहराबाहेर सिलतऱ्याच्या प्लांटमध्ये असतात, त्यांना सुट्टी होती. मी सगळ्यांसमोर त्यांना ढेपेचं सांगितलं. ते म्हणाले, "साले साहब, अब गाय से भी सर्टिफिकेट माँगोगे क्या?"

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "पोट्ट्या, दूध दे इकडे! काय अंगारा फुंकून राहिला काय त्यात?"

सगळे हसले. ताई हसली नाही. खीर शिजली, मध घालून वाटीत काढली, मी पाटावर बसलो, बाळाला माझ्या मांडीत दिलं. आणि ताईने वाटी उचलून बाजूला ठेवली.

"काहून ठेवली?" आईने विचारलं.

ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "ही पोटात होती तेव्हापासून मी याच गाईचं दूध पिऊन राहिली. काही झालं असंन का रे हिले?"

तिचे डोळे भरले होते. माझी भीती मी इतकी वर्षं एकट्यानेच बाळगली होती… ती अशी दुसऱ्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा दिसली.

शेवटी जिथे बाळाला लस द्यायला नेतो, त्या डॉक्टर मॅडमना फोन लावला. स्पीकरवर. मॅडमनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, गाय खाते ते तिच्या पोटात पचतं, त्यातून दुधात काही अपायकारक उतरतं असं आजवर तरी दिसलेलं नाही. नुसतं गाईचं दूध वर्षापर्यंत प्यायला देऊ नका, खिरीतलं चमचाभर चालेल. ताईने सोडलेला श्वास मला ऐकू आला.

मग मॅडमनी विचारलं, "खीर में मीठा क्या डाला है?"

"शहद," ताई म्हणाली.

"शहद? बिल्कुल नहीं. एक साल से पहले एक बूँद भी नहीं." त्यांचा आवाजच बदलला. मधात कधीकधी असे जंतू असतात की आपल्याला काही होत नाही, पण इतक्या लहान बाळाच्या जिवावर बेतू शकतं. क्वचितच होतं, पण होतं.

मी बाटली आणून फिरवून पाहिली. मागे, अगदी खाली, बारीक अक्षरांत तेच छापलेलं होतं. जे शोधत होतो ते समोर मोठ्या अक्षरांत मिळालं, म्हणून मी बाटली उलटवलीच नव्हती.

आईने ती वाटी उचलली आणि पुन्हा तांदूळ शिजत घातला. या वेळी गोडाला पिकलेलं केळं कुस्करलं. मुहूर्त टळून गेला होता… कुणी घड्याळाकडे बघितलं नाही.

पाकिटावर जीएमचं लिहावं, असं मला आजही वाटतं. आपण काय खातो ते कळायला हवं, धोका असो वा नसो. पण आता कुठेही 'हे नाही, ते नाही' वाचलं की मी विचारतो… बरं, मग आहे काय? आणि कुणाला चालणार नाही?

ताईने वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "पुढच्या वेळी भेव वाटलं ना, तर आधी मले सांग. दुकानात नको जाऊ."

मी हो म्हटलं. भाचीने पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं, थोडा बाहेर काढला, थोडा गिळला… आणि दुसऱ्यासाठी स्वतःच तोंड उघडलं.